सतत गैरहजर

माझी बायको धुरपदा तेव्हा अंगणवाडीत मदतनीस होती. मदतनीस म्हणजे खिचडी शिजवायची, खोली झाडायची, पोरांची नाकं पुसायची आणि जे पोर घरून हलत नाही त्याला कडेवर उचलून आणायचं. अकरा वर्षं ती हे करत होती. सेविका होत्या ताईबाई. त्यांचे गुडघे धरल्यापासून पोरांना गाणी शिकवणं, त्यांची वजनं करणं, पाटीवर अक्षरं गिरवून घेणं, सगळं धुरपदाकडंच आलं होतं. राहू गावातल्या आमच्या वस्तीवरचं कुठलंही पोर झोपेतसुद्धा तिचं गाणं म्हणेल. फक्त हजेरीपटावर सही ताईबाईंची आणि दारावरच्या पाटीवर नाव ताईबाईंचं.

मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी गुऱ्हाळावरचा गुळव्या. काहिलीत उसाचा रस आटत असतो, तो नेमका कधी उतरवायचा हे ज्याच्या बोटांना कळतं तो गुळव्या. दिवसभर चुलाणाची धग, आणि कुठं कीर्तन असल्याचं कानावर आलं की गळ्यात टाळ. राहू, यवत, वरवंड, नदीपलीकडं शिरूर तालुका. सायकल जाईल तिथवरचं कीर्तन मी सोडलं नाही. पांडुरंगानं मला गळा दिला नाही, पण कान दिले, आणि हात तालात ठेवले, त्यात मी सुखी. धुरपदा बायकांच्या बाजूला बसायची आणि घरी आल्यावर महाराजांचं अख्खं कीर्तन, दृष्टांतासकट, भाकरी थापता थापता मला परत ऐकवायची. एक शब्द इकडचा तिकडं होत नसे.

दोन हजार सालच्या आषाढात दौंडहून मुख्यसेविका मॅडम तपासणीला आल्या. वह्या बघून झाल्यावर म्हणाल्या, "ताईबाई, पुढच्या डिसेंबरअखेर तुम्ही रिटायर. जानेवारीत जागा भरायची. मदतनीस दहावी पास असेल तर पहिला हक्क तिचा. नसेल तर बाहेरचे अर्ज घेणार."

धुरपदा ताटल्यांत खिचडी वाढत होती. तिनं विचारलं, "मॅडम, सातवी चालत न्हाई का?"

"आता नाही चालत."

संध्याकाळी तिनं मला हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "सरपंचांची नवी सून बारावी झालीय. गुणाची पोरगी हाय. पण तिला आपली पोरं कुठं ठावं हायेत? कोण कुणाशेजारी बसतं, कुणाला घास भरवायला लागतो, कुणाच्या घरी चूल पेटलेली नसती. त्याचं काय पुस्तक न्हाई."

"मग काय करणार?"

"मग काय, दहावी करते."

मीठ संपलंय, दुकानातून आणते, अशा आवाजात ती हे म्हणाली. मी हसलो. तेव्हा तिचं वय चौतीस. आमची राजनंदिनी आठवीत. ती वहीतून मान वर करून म्हणाली, "आई, तू माझ्या पुढच्या वर्गात बसणार म्हंजी मी तुला ताई म्हणायचं व्हय?"

"आधी ते गणित सोडव," धुरपदा म्हणाली, "आन् मग मला शिकव."

वाट दाखवली ती खुर्शिद मॅडमनी. त्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका होत्या. उंच, कडक, आणि बोलताना चष्म्याच्या वरून बघायच्या. त्या म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. शाळेत न जाता थेट परीक्षेला बसता येतं. पण शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे, ताई. तुमचा आहे का?"

दाखला कुठला असायला? तो नदीपलीकडं, शिरूर तालुक्यात, तिच्या माहेरच्या हायस्कूलमध्ये पडलेला असणार. एका शनिवारी सकाळची शाळा गाठायची म्हणून आम्ही उजाडताच निघालो. मी सायकलवर पुढं, ती मागं कॅरेजवर, मांडीवर भाकरीचं फडकं.

हेडमास्तर तरुण होता. त्यानं लोखंडी पेटीतून जाडजूड जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, पानं उलटत बसला. नाव सापडलं. त्यानं दाखला लिहून दिला. धुरपदानं तो उभ्या उभ्या वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर.

"सर, हे खोटं हाय," ती म्हणाली.

"बाई, रजिस्टरला जे आहे ते मी उतरवलं."

"तुमचं काय न्हाई हो. पण मी गैरहजर नव्हते. मला पाठवलं नव्हतं. आठवीत असताना दिवाळीला आईला धाकटा भाऊ झाला. त्याला मी सांभाळला. आमचं घर त्या लिंबापलीकडं. मी त्याला मांडीवर घेऊन दारात बसायची आन् हितली घंटा ऐकायची. पयला तास, दुसरा तास, मधली सुट्टी. रोज."

हेडमास्तरनं रजिस्टर मिटलं. "मला ते खोडता येत नाही," तो हळू म्हणाला.

"राहू द्या. खोडू नका."

परत येताना भीमेच्या पुलावर तिनं मला सायकल थांबवायला लावली. दाखला परत काढला, परत वाचला, परत घडी करून पिशवीत ठेवला. मी कठड्याला टेकून पाणी बघत राहिलो. पंधरा वर्षं संसार केला, पण त्या घंटेचं तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिच्या दहावीला माझं हसणं बंद झालं.

अंगणवाडी सुटली की ती खुर्शिद मॅडमच्या ओट्यावर जायची. त्या फी घेईनात, म्हणून दर गुरुवारी मी गुऱ्हाळावरनं काकवीची बाटली पोचवायचो. इंग्रजीला ती सर्वांत जास्त भ्यायली होती, पण ते तिनं पोरांच्या गाण्यांसारखं घोटलं. गणित राजनंदिनीनं घेतलं. दोघींची भांडणं अशी व्हायची की शेजारची माणसं दारात यायची.

"आई, हातचा घ्यायचा विसरलीस!"

"विसरले न्हाई, चुलीवरचं दूध बघत व्हते!"

"परीक्षेत दूध न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

लोक बोलायचे. गुऱ्हाळाचे मालक जालिंदरशेठ रोज सकाळी विचारायचे, "काय चांगदेव, बायकोला डबा भरून शाळेत सोडून आला का?" मी म्हणायचो, "मालक, तीच मला सोडून गेली मघाशी." चुलाणात चोयट्या, म्हणजे उसाची वाळलेली चिपाडं, टाकणारा उत्तरेकडचा एक कामगार होता, तो मात्र मनापासून विचारायचा, "भाभीजी का मॅट्रिक कब है?" आणि मी सांगितलं की हात जोडून वर बघायचा.

उरले इतिहास, भूगोल आणि विज्ञान. वाचलेलं तिच्या डोक्यात थांबेना. आणि इथंच मी माझी अक्कल चालवली.

मी म्हणालो, "तुला दोन तासांचं कीर्तन एका ऐकण्यात पाठ हुतं. मग धडा का हुत न्हाई? कारण त्याला चाल न्हाई. मी चाल लावून देतो."

तेव्हापासून आमच्या घरात नुसता गजर. फ्रान्सची राज्यक्रांती एका चालीत, औद्योगिक क्रांती दुसऱ्या, प्रकाशाचं परावर्तन तिसऱ्या. मी टाळ धरायचो, ती म्हणायची. राजाला आम्ही कीर्तनातल्या गर्विष्ठ राजासारखं उभं केलं, त्याची राणी उभी केली, उपाशी प्रजा उभी केली. ती प्रजा वाड्यावर चालून जायची तेव्हा माझ्या अंगावर काटा यायचा. आम्लाला आणि आम्लारीला तर आम्ही दोन भाऊ केलं, भांडत भांडत शेवटी पाणी आणि मीठ होणारे. महिन्याभरात तिला तिन्ही पुस्तकं तोंडपाठ झाली. मी गावभर सांगत सुटलो की पहिल्या फटक्यात निघणार.

मार्चमध्ये यवतच्या केंद्रावर परीक्षा झाली. वर्गात सोळा-सोळा वर्षांची पोरं आणि मधे हिरव्या लुगड्यात आमची धुरपदा. पोरांना आधी वाटलं मॅडमच आल्या. ती बाकावर बसली तेव्हा हसू फुटलं. विज्ञानाच्या पेपरला वर्गावरचे सर एकदम थांबले. "कोण गुणगुणतंय?"

धुरपदा उभी राहिली. "सर, मी. पण गाणं न्हाई म्हणत. विज्ञान हाय."

सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, "मनातल्या मनात म्हणा, बाई." घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो. इतकी खात्री होती आम्हाला.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजी सुटलं, मराठी आणि हिंदी चांगल्या मार्कांनी सुटले, गणितात काठावर पास. आणि नेमके माझे चालीवाले विषय, इतिहास-भूगोलाचं सामाजिक शास्त्र आणि विज्ञान, दोन्हीत नापास.

ती एका शब्दानं मला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी खिचडी शिजवायला गेली. वस्तीवर मात्र बातमी पोचलेली. सरपंचांच्या घरी जानेवारीची तयारी सुरू झाल्याचं कानावर आलं. मी टाळ खुंटीला अडकवला आणि आठ दिवस कुठल्या कीर्तनाला गेलो नाही. नवव्या दिवशी तिनं टाळ खुंटीवरनं काढून माझ्या हातात दिला.

"त्यानं काय केलंय?" ती म्हणाली. "जावा. वरवंडला महाराज आलेत."

"माझ्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं पाठ झालं. नापास कशामुळं झालं ते अजून कळलं न्हाई. ऑक्टोबरला परत बसायचंय."

ते कळलं खुर्शिद मॅडमच्या ओट्यावर. त्यांनी तिला समोर बसवलं, मार्चचीच प्रश्नपत्रिका दिली, गजराचं घड्याळ लावलं आणि सांगितलं, "तिथं लिहिलं तसंच लिहा. एक अक्षर वेगळं नको." तीन तासांनी वही घेतली आणि वाचायला लागल्या. मी काकवी द्यायला आलो होतो, तो तसाच उभा. मॅडमच्या तोंडावर पहिल्यांदा आश्चर्य आलं, मग ओठ हलायला लागले, मग त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले. त्या हसत होत्या.

"धुरपदाताई, प्रश्न काय आहे? राज्यक्रांतीची दोन कारणं लिहा. दोन! आणि तुम्ही सुरुवात कुठून केली? 'ऐका हो सज्जनहो, फ्रान्स नावाचा एक देश होता.' मग त्या राजाचा जन्म. मग त्याचं लग्न. राणीचे दागिने एक पानभर. कारणं आली सहाव्या पानावर. आणि मधेच हे काय, 'आता थोडं नाम घेऊ आणि पुढं जाऊ'?"

धुरपदा लाजून लाल झाली. "ते चालीत हाय, मॅडम. तिथं टाळ वाजतो."

"पेपर तपासणाऱ्यानं टाळ घेऊन बसायचं का?" मॅडम माझ्याकडं बघून म्हणाल्या. "सगळं येतं हो हिला! एकूण एक. पण सहा प्रश्नांतले दोनच लिहून झाले आणि वेळ संपला. विज्ञानातही तेच झालं असणार. ते दोन भाऊ अजून भांडतायत आणि घंटा झाली."

मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तिला कीर्तनात विरघळवलं मी, आणि कीर्तन तर दोन तासांखाली होत नाही. तिला थोडक्यात लिही म्हणावं तर जमेना. चाल सुरू झाली की नमनापासून शेवटापर्यंत सगळंच बाहेर यायचं. मधून उचलायला गेली की गाडी अडायची. आषाढ असाच गेला, मॅडम रोज तांबड्या पेनानं पानंच्या पानं खोडायच्या आणि धुरपदा रोज थोडी गप्प व्हायची. एकदा म्हणाली, "माझं डोकं म्हंजी फाटकी गोणी झालीय. एक काढायला जावं तर सगळंच सांडतंय."

श्रावणात माझे मामा वारले. त्यांचा दशक्रिया विधी नदीपलीकडच्या घाटावर होता. आमच्या भागात दशक्रियेला सकाळी प्रवचन असतं, मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या, मग पिंडाला कावळा शिवला की माणसं उठतात. प्रवचनाला भिमाजी महाराज आले होते. त्यांच्या तोंडून ऐकावं म्हणून तर आम्ही पावणेसहालाच घाटावर होतो. पण त्या दिवशी पुढाऱ्यांना वरवंडला दुसऱ्या दशक्रियेला जायचं होतं. म्हणून आधी त्यांचीच भाषणं उरकून घ्यायची ठरलं. सोसायटीचे चेअरमन उठले, माजी चेअरमन उठले, आजी-माजी सदस्य उठले. एकानं तर मामांचं नावच चुकवलं आणि शेवटपर्यंत त्या चुकीच्या नावालाच श्रद्धांजली वाहिली. अकरा भाषणं झाली. ऊन वर आलं. पिंड मांडलेले. चुलतभाऊ महाराजांजवळ जाऊन कानात पुटपुटला, "महाराज, दहाच मिनिटं हायेत."

एवढ्या मोठ्या माणसाला दहा मिनिटं! पण भिमाजी महाराज शांतपणे उठले. चार ओळींचा अभंग म्हटला. त्याचा अर्थ दोन वाक्यांत सांगितला. मग म्हणाले, "ज्या माणसाच्या विहिरीवरनं दुष्काळातसुद्धा कुणी घागर रिकामी घेऊन गेलं नाही, त्याच्यासाठी मी अजून काय सांगू? तुम्ही ते पाणी प्यालात. रामकृष्णहरी." आणि बसले.

माझी मामी, जी दहा दिवस रडली नव्हती, ती तेव्हा रडली. आणि महाराज बसतात न बसतात तोच कावळा शिवला.

परत येताना धुरपदा कॅरेजवर होती. पूल ओलांडला आणि मागून माझ्या पाठीवर बोटं वाजली.

"अहो, थांबा. त्यांनी काय काय सोडलं?"

"कुणी?"

"महाराजांनी. नमन सोडलं. गजर सोडला. गोष्ट सोडली. अभंग ठेवला, अर्थ ठेवला, एक इहिर ठेवली. आन् तरी काय कमी पडलं का?"

"कायबी न्हाई."

"मग मला आत्ता कळलं. कीर्तन मास्तरला ठावं हाय. पेपर तपासणारा कीर्तन ऐकायला बसलेलाच न्हाई, त्यानं ते शंभरदा ऐकलंय. त्याला अभंग तेवढा पायजे. चार ओळी, अर्थ, आन् एक इहिर. बस्स."

मी सायकल तशीच धरून उभा. आयुष्यभर मी रस आटवत आलो. काहीलभर रस, त्याची मळी काढत, आटवत आटवत शेवटी ढेप. आणि हे मला सुचलं नाही, तिला सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक धड्याचा अभंग करायला लागली. चाल तीच, पण चारच ओळींची. कारणं दोन विचारली तर दोन ओळी. पाच विचारली तर पाच. खुर्शिद मॅडमचं गजराचं घड्याळ आमच्या चुलीपाशी आलं. सुरुवातीला तो राजा मधेच घुसायचा, राणीचे दागिने डोळ्यांपुढं यायचे. राजनंदिनी पहारा करायची. "आई, राणी आली!" की धुरपदा दात चावून ओळ खोडायची. हळूहळू राणी यायची बंद झाली. मॅडमचा तांबडा पेन कमी कमी चालायला लागला. एके दिवशी त्यांनी वही वाचली, काहीच खोडलं नाही, आणि नुसती परत दिली. धुरपदा ती वही छातीशी धरून घरी आली.

ऑक्टोबरला ती परत यवतला गेली. या वेळी तिनं वर्गावरच्या सरांना आधीच सांगून ठेवलं, "सर, ओठ हालतील, पण आवाज यायचा न्हाई."

निकाल डिसेंबरात लागला, ताईबाईंच्या निवृत्तीला तीन आठवडे असताना. त्या दिवशी माझी काहील ऐन भरात होती. पाकाची गोळी बोटांवर जमायला लागली की गुळव्यानं मान वळवायची नसते. दोन मिनिटं इकडची तिकडं झाली की गूळ गेला. आणि तेवढ्यात रस्त्यावरनं खुर्शिद मॅडमची लुना आली. मागं धुरपदा. एका हातानं मॅडमच्या खांद्याला धरलेलं आणि दुसऱ्या हातात कागद, वर, झेंड्यासारखा. मॅडम कडक बाई, पण लुनाचा हॉर्न त्यांनी फाट्यापासून सोडला नव्हता.

मी काहील सोडून धावलो.

"सुटले," ती म्हणाली. "दोन्ही सुटले. विज्ञानात तर खुर्शिद मॅडमपेक्षा जास्त हायेत."

"खोटं नाही," मॅडम म्हणाल्या. "मला दहावीत एवढे नव्हते."

मी त्या कागदाला आधी कपाळ लावलं. मग मॅडमना नमस्कार करायला वाकलो, तर त्या मागं सरल्या. "अहो चांगदेवभाऊ, वास कसला येतोय?"

काहील करपली होती. वीस वर्षांत पहिली आणि शेवटची. काळाकुट्ट गूळ. मी जालिंदरशेठपुढं मान खाली घालून उभा राहिलो. त्यांनी काहिलीकडं बघितलं, धुरपदाकडं बघितलं, कागद मागून घेऊन सगळा वाचला. मग चोयटेवाल्याला हाक मारली. "हे समदं फोडून वस्तीवर वाट. कुणी विचारलं तर सांग, चांगदेवच्या बायकोचे पेढे हायेत, जरा जास्त भाजलेत."

जानेवारीत अर्ज, फेब्रुवारीत नेमणूक. सरपंचांची सून स्वतः येऊन सांगून गेली, "काकू, मला तर पोरांची भीतीच वाटत व्हती. बरं झालं." ताईबाईंनी आपल्या हातानं दारावरची पाटी उतरवली. नवी पाटी रंगवून आली तेव्हा धुरपदा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अक्षरं जरा वाकडी हायेत. पण असू द्या, माझी हायेत." आणि पहिल्या दिवशी हजेरीपटावर तिनं सही केली, ती करताना ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही.

चैत्रात आमच्या गावचा सप्ताह. काल्याचं कीर्तन झालं, लाह्यांचा काला वाटला, आणि गावानं धुरपदाचा शाल-नारळ देऊन सत्कार केला. सरपंचांनी माईक तिच्यापुढं धरला. "दोन शब्द बोला, बाई." मंडपात हजारभर माणूस. मी टाळकऱ्यांच्या रांगेत, घामानं भिजलेलो. मला धास्ती, ही आता फ्रान्सपासून सुरू करते की काय.

तिनं माईक धरला. "माझ्या दाखल्यावर लिहिलंय, सतत गैरहजर," ती म्हणाली. "ज्या बायांच्या दाखल्यावर असंच लिहिलं असंल, त्यांनी तो घेऊन सोमवारी अंगणवाडी सुटल्यावर माझ्याकडं यावं. रामकृष्णहरी." आणि माईक परत दिला.

मग टाळी पडली ती आधी बायकांच्या बाजूनं. व्यासपीठावर भिमाजी महाराज होते, ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "चांगदेवा, एवढं थोडक्यात बोलायला हिला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, महाराज," मी म्हणालो. "घाटावर." त्यांना काही कळलं नाही. मी समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही.

सोमवारी तिघी आल्या. वस्तीवरच्या जाईबाई, गुऱ्हाळाशेजारच्या कस्तुराबाई, आणि अक्रम टेलरची बायको शायना. जाईबाई आणि कस्तुराबाईंच्या दाखल्यावर तेच दोन शब्द. शायनाच्या दाखल्यावर "विवाह" लिहिलं होतं. तीन हातांत तीन जुने कागद, कोपरे मऊ पडलेले. खुर्शिद मॅडम भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या.

मी दारात उभा होतो, काकवीची बाटली घेऊन. धुरपदानं माझ्याकडं बघितलं. "आन् तुमचा दाखला कुठाय?"

"माझा?"

"नववीतनं सोडली म्हणत व्हता ना."

तो माझ्या खिशातच होता. सकाळीच ट्रंकेतनं काढला होता, पण बाहेर काढायचं धाडस होईना. माझ्याही दाखल्यावर तेच लिहिलंय, सतत गैरहजर. फक्त माझं खरं आहे. मी शाळेच्या वेळात टाळ घेऊन दुसऱ्या गावच्या सप्ताहांना पळायचो. मी कागद तिच्या हातात दिला आणि बायकांच्या मागं, पोरांच्या सतरंजीवर मांडी घालून बसलो. बायका पदराआड हसल्या.

धुरपदानं नवी वही उघडली. रेघ मारली, चार नावं लिहिली.

"जाईबाई."

"हजर."

"कस्तुराबाई."

"हजर."

"शायना."

"हजर, बाई."

आणि ती थांबली. सतरा वर्षांत तिनं माझं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. अहो, नाहीतर राजनंदिनीचे बाबा. आमच्यात बाया घेतच नाहीत. जाईबाई ओरडल्या, "घ्या घ्या, बाई, उखाणा घ्या!" शायना हसून वाकली. खुर्शिद मॅडमनी चष्म्याच्या वरून बघितलं.

धुरपदाचे कान लाल झाले होते. पण तिनं मान वहीवरनं उचलली नाही, आणि रोज सकाळी पोरांना हाक मारते त्याच आवाजात, ठणठणीत, म्हणाली,

"चांगदेव."

तिनं पेन तसंच धरून ठेवलं. मी दोन्ही हात जोडले.

"हजर," मी म्हणालो.